मशीन अजून गरम आहे

तीर्थस्वरूप दादांच्या सेवेशी,

बहिणीच्या नवऱ्याचा दुरूनच पण पूर्ण वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींची झोप आणि नातवाचे दात, या तिघांचीही प्रगती वहिनींच्या पत्रातून कळली. नातू आता धरून उभा राहतो आणि हाताला लागेल ती वस्तू पाण्याच्या बादलीत टाकतो, असं त्यांनी लिहिलंय. चमचे झाले, तुमचा चष्मा झाला, गोळ्यांची डबी झाली. पोर चौकस आहे, घराण्याचं नाव काढणार. इकडे आम्ही तिघं सुखरूप आहोत. तुमच्या बहिणीचा खोकला गेला आणि आवाज परत आला. (दोन्हींतलं कोणतं बरं होतं याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण पत्र पेटीत टाकायला तीच जाणार आहे.) लेकीचं शेवटचं वर्ष चालू आहे. माझा पुस्तकबांधणीचा कारखाना, म्हणजे एक खोली, एक माळा, पुस्तकं दाबायचा एक शिकंजा आणि मी, पूर्वीसारखाच चालू आहे.

आता मूळ गोष्ट. ती एका सकाळपासून सांगायला हवी. त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे उजाडायच्या आत उठलो, अंघोळ केली, देवाला हात जोडले आणि खळीचा मऊ ब्रश (धुतलेला) घेऊन माळ्यावर चढलो. तुम्ही जाताना सांगितलं होतं की दर आठवड्याला तुमच्या मशीनच्या पंख्यांवरची धूळ झटकायची, बाकी कशालाही हात लावायचा नाही. सहा कार्डांचे पंखे झटकले. मग माझा हात आपोआप मशीनच्या बटणाकडे गेला. मी तो मागे घेतला. पुन्हा गेला, पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा खालून तुमच्या बहिणीचा आवाज आला, "अहो, माळ्यावर तपाला बसलात का? चहा निवला!" मी खाली आलो. बटण जिथल्या तिथे राहिलं. पण दादा, माणसाचा हात जिथे तीनदा जातो तिथे चौथ्यांदाही जाणारच.

मशीन आमच्याकडे कसं आलं हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी माझ्या बाजूने एकदा सांगतो. तुमचे छंद आम्ही सगळ्यांनी प्रेमाने पाहिले आहेत. ससे पाहिले, अळंबी पाहिली, पाण्यावर चालणारी शेगडी पाहिली (चालली नाही, पण पाहिली). त्यानंतर तुम्ही म्हणालात की आता मायनिंग करायचं. मायनिंग म्हणजे खाणकाम हे मला माहीत होतं, म्हणून मी साधेपणाने विचारलं की माती कुठे टाकणार. तुम्ही इतके हसलात की वहिनी बाहेर आल्या. मग समजावलंत की चिरंजीवांनी कॉलेजात असताना खेळ खेळायला एक ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. तसली आणखी पाच कार्डं लोखंडी चौकटीत बसवायची, ती दिवसभर आकडेमोड करतात आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारी नाणी निघतात. मी म्हटलं, दिसत नाहीत तर मग आहेत कशावरून? तुम्ही म्हणालात, "देव दिसतो का तुम्हाला?" या प्रश्नावर माझ्यासारखा माणूस गप्प बसतो हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

महिनाभरात वहिनींनी ते मशीन घराबाहेर काढलं, कारण त्याच्या घोंघाटात त्यांना तुमचं घोरणं ऐकू येईना आणि त्यामुळे झोप लागेना. मग तुम्ही ते टेम्पोत घालून माझ्याकडे आणलंत. ओल्या हवेत माझी खळ लवकर वाळत नाही, या मशीनच्या उबेने वाळेल, असं म्हणालात. मी जरा कां कूं केलं तेव्हा तुम्ही खांद्यावर हात ठेवलात. "मी तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, म्हणून सांगतो, ठेवून घ्या." दादा, ही दोन वर्षं तुम्ही माझ्या लग्नापासून वापरत आहात. त्या दोन वर्षांच्या जोरावर मी तुमचे ससे सांभाळले, अळंबी खाल्ली, आणि आता मशीनही ठेवून घेतलं. विजेच्या बिलाचे पैसे तुम्ही पाठवता, त्याबद्दल तक्रार नाही. पण मीटर वाचायला येणारा माणूस दर महिन्याला मीटरकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "काका, वर हॉटेल काढलंय का?"

उबेचं सांगायचं तर खळ खरंच वाळली, पण नको तितकी. पहिल्या आठवड्यात मी हौसेने बारा वह्या माळ्यावर मशीनशेजारी मांडल्या. दुपारी जाऊन पाहतो तर बाराही पुठ्ठे सुकलेल्या पानासारखे आत वळलेले. एका बाजूने घाईघाईने वाळवलं की पुठ्ठा त्याच बाजूला तोंड फिरवतो, हे मी तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो आहे. (माणसांचंही तसंच असावं, पण तो विषय वेगळा.) पुढे मी जागेचा अंदाज घेतला. मशीनपासून पाच हातांवर, पडद्याच्या आड ठेवलं की काम झकास वाळायचं. तेव्हा मशीनवर माझा राग नव्हता, हे आधी लक्षात घ्या.

तुम्ही नातवासाठी परदेशी गेल्यावर दोन महिन्यांनी दफ्तरखान्यातून काम आलं. तिथले दफ्तरदार तुम्हाला आठवत असतील. कोणत्याही कागदावर तीन शिक्के मारल्याशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर येत नाही, म्हणून सगळे त्यांना शिक्केसाहेब म्हणतात. त्यांच्या तळघरात नळ फुटून जन्मनोंदींचे अकरा जुने खंड भिजले होते. पानं सुटी करायची, वाळवायची, पुन्हा शिवायची, हे माझं काम. पानं मी वाचवली. शाई वाचली नव्हती. कित्येक पानांवर नुसता फिकट तपकिरी डाग, माणसाच्या नावाच्या जागी धुकं. शिक्केसाहेब म्हणाले, "चार महिन्यांत वाचता आलं तर ठीक. नाहीतर त्या पानांवर 'अवाच्य' असा शिक्का मारून कायमचं बंद करायचं, वरून हुकूम आहे." दादा, शिक्क्यांची आवड असलेला माणूस, पण हे सांगताना त्यांचाही आवाज उतरला होता. त्या पानांवर माणसं आहेत. कुणाला पेन्शन लागायची आहे, कुणाला जमिनीच्या कागदावर नाव लावायचं आहे, आणि 'मी जन्मलो होतो' याचा त्यांच्याकडचा एकमेव पुरावा माझ्या शिकंज्याखाली ओला पडला होता. त्या रात्री मला भाकरी गोड लागली नाही.

आमच्या लेकीने ती पानं पाहिली आणि दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हाच. पानांचे फोटो काढायचे, जी अक्षरं दिसतात ती संगणकाला शिकवायची, मग जी दिसत नाहीत ती त्याने ओळखायची. फक्त त्याला एक ग्राफिक्स कार्ड लागेल. मी म्हटलं, ते खेळाचं ना? तेव्हा तिने मला जे समजावलं ते मी गावच्या शाळेत शिकल्यामुळे चटकन समजलं. संगणकाचा मुख्य मेंदू म्हणजे एक विद्वान मास्तर: कठिणातलं कठीण गणित सोडवतो, पण एका वेळी एक. आणि हे कार्ड म्हणजे सबंध शाळा. हजारो पोरं, एकेकाला फक्त बेचा पाढा येतो, पण सगळी एका दमात म्हणतात. खेळातल्या चित्रात लाखो ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग म्हणजे एक छोटं गणित, म्हणून ही शाळा आधी खेळासाठी भरवली. मग शहाण्या लोकांच्या लक्षात आलं की एवढी पोरं एका सुरात पाढे म्हणतातच, तर त्यांच्याकडून हवामानाचे अंदाज काढावेत, फुप्फुसांचे फोटो तपासावेत, पुसलेली अक्षरं वाचावीत. "मग मामाच्या मशीनमधली पोरं काय करतात?" मी विचारलं. ती म्हणाली, "बाबा, ती दिवसभर एका कुलपाचा आकडा अंदाजाने ओरडतात. जगभरच्या शाळा तोच आकडा शोधत असतात. ज्याचा आधी लागेल त्याला खाऊ. कुलूप उघडलं की ते फेकून द्यायचं आणि नवं आणायचं." मी पुन्हापुन्हा विचारलं, कुलपाच्या आत काय असतं? ती म्हणाली, पुढचं कुलूप. (नाण्यांच्या हिशोबाच्या वहीला पहारा मिळतो म्हणे त्यातून. असेलही. मी तुमच्या धंद्याला नावं ठेवत नाही.)

आधी आम्ही बाजारात गेलो. दादा, मी शपथेवर सांगतो, आधी बाजारातच गेलो. संगणकाच्या दुकानदाराने कार्डाचं नाव काढताच हात जोडले. म्हणाला, "काका, कार्डं दुकानात येतच नाहीत, परस्पर ट्रकमधून खाणवाले उचलतात. खेळणारी पोरं रोज येऊन माझ्यावर ओरडतात. माझ्या भाच्याला द्यायला माझ्याकडे नाही, तुम्हाला कुठून देऊ?" किंमत विचारली तर त्याने ती तोंडाने न सांगता पाटीवर लिहून दाखवली, कुणी ऐकू नये म्हणून. आणि वर म्हणाला, "कुणी तरी एक दाढीवाले गृहस्थ मागच्या वर्षी माझ्याकडची पाचच्या पाच घेऊन गेले, तेव्हापासून हा दुष्काळ." लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी दुकानातल्या पंख्याकडे पाहिलं. दादा, तुम्ही ती दाढी तेव्हा का ठेवली होती हे मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही.

घरी आलो. खाली चार महिन्यांची मुदत असलेली माणसं, आणि डोक्यावर, बरोबर त्यांच्या वर, सहा शाळा कुलपांचे आकडे ओरडत होत्या. ही झाली त्या सकाळच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. सकाळी हात तीनदा का गेला ते आता तुम्हाला कळलं असेल. मी तुम्हाला पत्रं लिहायला घेतली. तीन लिहिली. पहिल्यात इतका नम्र झालो की विषयच आला नाही. दुसऱ्यात विषय आला पण तुमचा अपमान झाला. तिसरं चांगलं होतं, पण तुमच्या बहिणीने वाचून म्हटलं, "दादाला विचारलंत तर तो नाही म्हणेल. न विचारता केलंत तर तो रागावेल. राग निवतो, नकार निवत नाही." तुमच्याच घरची अक्कल आहे, मी कसा वाद घालणार?

तेव्हा मी कबूल करतो की एक कार्ड आम्ही वाचनाच्या कामाला लावलं. चौकटीतून काढलं नाही, जागचं हलवलं नाही, नुसतं त्याचं काम बदललं. त्यातही चिरंजीवांचं खेळाचं जुनं घेतलं, म्हणजे निदान घरचं. आठवड्याने लेक म्हणाली की एकाने मुदतीत होत नाही. म्हणून दोन झाली. आता खरं लिहायचं ठरवलंच आहे तर लिहितो, महिनाअखेरीस चार होती. आणि जेव्हा पाचव्या खंडातल्या एका पूर्ण कोऱ्या दिसणाऱ्या पानावरून अचानक एका मुलीचं नाव, तिच्या आईचं नाव आणि 'वजन कमी, पण रडते जोरात' असा सुईणीचा शेरा उमटला, तेव्हा मी स्वतः माळ्यावर गेलो आणि लेकीला म्हटलं, उरलेली दोन कुणासाठी ठेवलीस? दादा, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं ते रडणं मला माझ्या खोलीत ऐकू आलं. सहाच्या सहा शाळा तेव्हापासून नावं वाचत आहेत.

तुम्ही दर रविवारी फोनवर विचारायचात, मशीन कसं आहे? मी म्हणायचो, गरम आहे. ही गोष्ट शंभर टक्के खरी होती, मी जन्मात खोटं बोललो नाही. घोंघाट तोच, ऊब तीच, पडद्याआड माझी खळही तशीच वाळत होती. तुम्ही म्हणायचात की नाणी कमी पडताहेत, बाजार मंद दिसतो. मी म्हणायचो, जगाचं काही सांगता येत नाही. हेही खरंच होतं, कारण पुढे बाजार खरोखरच झोपला. नाण्याचा भाव असा आपटला की खाणवाल्यांनी कार्डं पोत्यांतून विकायला काढली. परवा तोच दुकानदार मला रस्त्यात गाठून म्हणाला, "काका, कार्ड हवं होतं ना? दोन घ्या, तिसरं तसंच देतो. दाढीवाल्यांनाही सांगा." तुमचं नुकसान माझ्यामुळे झालं की बाजारामुळे, हे आता देवसुद्धा वेगळं करून दाखवू शकणार नाही, याबद्दल मी रोज सकाळी त्याचे आभार मानतो.

अकराही खंड मुदतीच्या नऊ दिवस आधी वाचून झाले. जिथे संगणकाची खात्री नव्हती तिथे लेकीने आणि शिक्केसाहेबांनी भिंग लावून ताडून पाहिलं, घरच्यांना बोलावून विचारलं. 'अवाच्य' शिक्का तरीही सात पानांवर बसलाच. बाकी सगळी माणसं पुन्हा जन्मली. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, लेकीवर नको. ती तुम्हाला प्रकल्पाच्या पहिल्या पानावर 'मामांच्या उदार सहकार्याने' असं छापते आहे. वहिनींना नमस्कार, नातवाला गोड पापा.

आपला आज्ञाधारक (पुढच्या पत्रापासून),
बहिणीचा नवरा

ता. क. एक छोटी गोष्ट राहिली. जाताना तुम्ही मला चोवीस शब्द लिहिलेला कागद दिला होता आणि म्हणाला होतात की फोन गेला तर नाण्यांची तिजोरी या शब्दांनीच उघडते, एखाद्या पुस्तकात जपून ठेवा. तुम्ही तो माझ्याच कारखान्यातल्या जाड, लांब धाग्याच्या कागदावर लिहिला होतात. मी तो तात्पुरता चांगल्या कागदांच्या खणात ठेवला. आता दादा, माझे हात कागद वाचत नाहीत, त्याच्या धाग्यांचा कल बघतात. सातव्या खंडाच्या पाठीला अस्तर लावायचं होतं, खणात हात घातला, उत्तम कागद लागला. खळ लावताना वर 'टायगर, अंब्रेला' असं काही दिसलं. वाटलं, लेकीची लहानपणची स्पेलिंगं असावीत. अस्तर फार सुंदर बसलं. मागच्या महिन्यात तुम्ही फोनवर विचारलंत, कागद नीट आहे ना? मी म्हटलं, नीट असेलच. फोन ठेवला आणि दोन तासांनी मला वाघ आठवला. पुढच्या रविवारी विचारलंत तेव्हा मी सांगितलं की अगदी घट्ट आहे. शंभर वर्षं हलणार नाही, एवढी माझी हमी.

ता. क. २. वाघ आठवला तोवर त्या खंडाच्या दोऱ्यांवर शिक्केसाहेबांचा लाखेचा शिक्का बसला होता. नियम असा आहे की शिक्का बसलेला खंड उघडायचा तर त्या खंडात ज्याची स्वतःची नोंद आहे त्यानेच, नोंदीतली जन्मतारीख स्वतःच्या हाताने लिहून, अर्ज करायचा. मी हताश होऊन सातव्या खंडाची यादी चाळत बसलो, आणि देवाची लीला पाहा, त्यात तुम्हीच निघालात! तुम्ही जन्मलात तोच दवाखाना, तुमच्या आईवडिलांची नावं, 'पहिलं अपत्य, मुलगा'. अक्षर धूसर होतं, पण सहाही कार्डांचं एकमत आहे. तारीख मी लिहीत नाही. एवढंच लिहितो की तुमच्या वडिलांनी शाळेत घालताना तुम्हाला तीन वर्षं वाढवून घातलेलं दिसतं. (तुमच्या आईंना विचारलं. म्हणाल्या, "घरात फार दंगा करायचा, काय करणार?") तेव्हा या नोंदीप्रमाणे मी तुमच्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा आहे. पत्राच्या सुरुवातीचं 'तीर्थस्वरूप' खोडावं की काय असा विचार आला होता, पण खाडाखोड बरी दिसत नाही. नात्याने तुम्ही मोठेच. अळंबीचं मात्र आपण सावकाश बोलू.

ता. क. ३. खंड शिक्क्यासकट पाच आठवडे माझ्याकडे वजनाखाली होता. तुमची बहीण रोज म्हणायची, "अहो, लाखच आहे ती, तापलेल्या सुरीने निघते. दादाचा कागद काढा आणि परत चिकटवा, कोण बघतंय?" सुरी रोज सकाळी मी उचलली, आणि कोण बघतंय या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असल्यामुळे रोज खाली ठेवली. म्हणून कळकळीची विनंती, आणि खरं तर या पत्राचं कारण, एवढंच: अर्ज पोहोचेपर्यंत तुमचा फोन आणि नातवाची बादली यांच्यात निदान एक दार बंद असू द्या. आज सकाळी हात जोडून झाल्यावर मी सातवा खंड कापडात गुंडाळून दफ्तरखान्यात नेला, शिक्केसाहेबांच्या समोर सर्वांत वरच्या फळीवर ठेवला आणि पोच घेतली. तिथूनच अर्जाचा कोरा नमुना आणला, तो सोबत जोडला आहे. तुमचं नाव, पत्ता, खंडाचा क्रमांक, सगळं मी सुवाच्य अक्षरात भरलं आहे. जन्मतारखेचा रकाना तेवढा रिकामा ठेवला आहे.